मोजणी, तोरणमाळ

चैत्र. सालईची साल कागदासारखी सुटतेय.
दित्या पावरा म्हणतो, बसा, तेच येतील.

तक्त्यात मी लिहिते : सातभाई – नऊ.
मग सहा. परत नऊ.
"एकेक मोजू नका, बाई. घर मोजा."

कोतवाल उगाच ओरडतो, शिकरा आला!
सगळे झुडपात; टाकलेला किडा त्याच्या चोचीत.
"आणि तरी पहारा ह्याच्याकडेच?"
"खरा शिकराही येतो ना कधीकधी."

खाटकानं बोरीच्या काट्याला टोळ टांगलाय;
भोंगऱ्या बाजार कधीच उठला,
ह्याचं दुकान चालूच.

उन्हं चढली. झिऱ्यात ओंजळभर पाणी :
आधी होले, मग चंडोल,
मग आम्ही.

रानपिंगळ्याच्या रकान्यात शून्य मांडत होते,
दित्यानं पेन धरलं :
"दिसला नाही, एवढंच लिहा."