तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये

आडखळच्या धक्क्यामागे, झापांच्या मांडवात
ब्लॉक साखळीला टांगलाय.
हेड निघालं, पिस्टन निघाले,
क्रँक गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात.
उरलंय ते नुसतं बीड. सहा भोकांचं, काळं,
सव्वीस वर्षांचं.
आधी ट्रकमध्ये होतं, विटा घेऊन कुंभार्ली चढलेलं.
मग बाबांनी कराडच्या भंगारातून उचललं
आणि समुद्रात घातलं.

गफूर मुकादम आधी बघत नाही काही.
वास घेतो.
मग तारेनं खरवडतो. पाण्याच्या वाटांतून निघते
खपली, मीठ, बोटभर गाळ,
एक शिंपली, अख्खी.
"पानी जाईल खयसून? नरडाच बंद."

रॉकेलचा बोळा फिरवला.
एक विडी संपेस्तोवर थांबलो.
कोरडं पुसून वर खडूची भुकटी चोळली,
बहिणीच्या दप्तरातला खडू,
आणि बसलो तिघे उकिडवे.
पांढरं. पांढरंच राहिलं.
बाबांच्या खांद्यांतून हवा सुटली.

"थांबा. वाजवून बघू."
डावा कान गफूरचा इंजिनांनी खाल्लेला,
उजवा अर्धा.
हातोडी तो मारणार, ऐकायचं मी.

टण. टण.
शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यासारखं.
टण.
आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या भिंतीवर
बद्द.

म्हणू शकलो असतो, ठीक आहे.
त्या मांडवात चालते कान
माझेच होते.

कार्तिकात, सुवर्णदुर्गाच्या बाहेर,
काटा तांबड्यात गेला होता आणि जाळं बांगड्यानं जड.
बाबा नाळेवर. मी खाली.
बंद करवेना.
मग वाफ उसळली, तेव्हा घाबरून
बालदीभर समुद्र ओतला मी त्याच्यावर.
आत काहीतरी टिक् म्हणालं.
एवढंच. चिमणीनं दाणा टिपावा एवढं.
आठ महिने मी ते टिक्
जेवताना, झोपताना, देवाच्या पाया पडताना
गिळत आलो.

"काय रे?" गफूरनं विचारलं.
"बद्द."

पुन्हा रॉकेल लावलं, आता रात्रभर.
सकाळी खडूवर ओली रेघ,
केसाहून बारीक, चार बोटं लांब,
शेवटी पालीच्या शेपटीसारखी वळलेली.
तो रेघेकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.
मग बाबांना म्हणाला,
"जुना बीड. दमला."

वेल्डिंग नको म्हणाला. बिडाला इस्तव दाखवला
का ते दुसरीकडं उकलतं.
"आधी टोकां धर. तड संपते तिथं भोक पाड."
"फुटलंय त्याला आणखी भोक?"
"पुढं सरकायला तडीला टोक लागतं.
गोल भोकात तिला टोकच ऱ्हात नाय."

दोन टोकांना दोन भोकं.
मग मध्ये भोकाला खेटून भोक,
आटे पाडून पितळी स्क्रू पिळलेले,
दर स्क्रू आधीच्याचा अर्धा घास खाणारा.
माथी कापली, ठोकून ठोकून बसवली.
अकरा टाके.
वरून आडवी लोखंडी पट्टी, चार स्टडांवर.
ड्रिल माझ्या हातात होतं बराच वेळ.
बीड गरम होत नव्हतं, मीच होत होतो.

मग पाणी भरून पंपानं दाब दिला.
काटा चारवर. संध्याकाळी चारवर.
रात्री कंदील घेऊन मी एकटा बघायला गेलो,
चारवर.

पैसे बाबांनी दिले, दोन हप्त्यांचं ठरवून.
निघताना गफूरनं हात पुसले, आणि
मला एकट्याला, फडक्याकडं बघत,
"गरम इंजिनाला पानी दाखवू नको कदी.
गती कमी कर. चालू ठेव. वाट बघ."

नारळ टाकून चार दिवस झालेत.
खाली अंधारात मी पट्टीवर पंजा ठेवून बसतो,
पितळी टिपके बोटांनी मोजतो.
अकरा. पुन्हा अकरा.
वरून बाबा ओरडतात, "काय करतोयस?"
"ऐकतोय."

खरं म्हणजे सांगायचंय.
बांगडा लागू दे आधी.