बारा हात

सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून
आम्ही जमीन उघडली आहे:
चौदा रात्री पुरलेल्या तारांनी जे ऐकलं
ते सगळं एका चष्म्यात.
बाहेर जनरेटर धडधडतोय.

"घाला डोळ्यांवर, धाकूआबा."
जन्मभर विहिरी खणलेला माणूस
टोपी काढतो, केसांवरून हात फिरवतो,
कुणाच्या तरी घरात शिरायचं असल्यासारखा,
आणि उतरतो.

त्याला दिसतं ते मला लॅपटॉपवर दिसतं.
वर जांभा, गेरूच्या रंगाचा,
खाली पांढरट चिकण, मग काळवत्री, थरावर थर,
आणि पार तळाशी लालभडक जीभ
जिच्यासाठी आम्ही पुण्याहून आलो,
जिच्या वाफेवर चाकं फिरतील असं
अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे.

तो उकिडवा बसतो.
कातळ चाचपायची जुनी खोड.
बोटं आरपार जातात.
"हितं घाम नाय येत, बाय.
सुरुंगाचा वास पन नाय."

मग चालू लागतो.
फळ्यावर आदळायच्या आत मी दंड धरते,
तरी त्याचं बोट पुढेच.
"ह्यो निळा कसला?"
थंड दगड, आबा. घट्ट.
"कोन म्हनतं?"

कोण म्हणतं?
तिथे आमची तार गेलीच नाही.
अलीकडे वहाळ, पलीकडे घाणेकरांची काजूबाग,
त्यांनी फाटक उघडलं नाही.
तो निळा दोन बाजूंच्या आकड्यांनी भरलाय,
घरी नसलेल्या माणसाबद्दल
शेजाऱ्यांनी सांगावं तसा.

"हितं बाराव्या हातावर
आमच्या सोनूच्या पहारीखालनं कढत पानी आलं.
पाय सोलले त्याचे.
मालकानं हीर बुजवली, मजुरी बुडवली,
वर फनस लावलान.
वाढतो. धरत नाय."

चष्मा काढल्यावर कपाळावर वळ.
तो डोळे मिचकावतो, खिडकीतून
उन्हाळ्याच्या कुंडाकडे बघतो. तिथे बायका
गोधड्या धुताहेत, वाफेत कमरेपर्यंत.

रात्री मी नवा ठिपका टाकते.
स्रोत: धाकू मांडवकर, तोंडी.
खोली: मीटरमध्येच लिहा, असं रकाना म्हणतो.

सकाळी टेप घेऊन त्याच्या अंगणात.
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
चव्वेचाळीस सेंटीमीटर.

"तवा ह्ये बोट सगळं व्हतं," तो म्हणतो.

मी दोन सेंटीमीटर वाढवते.