बोटांचं वजन

रविवारी रात्री बाबा तोच डाव अकरा वेळा बघतात.
आवाज बंद. कपातली कॉफी केव्हाच थंड.
बाहेर डकोटाचा वारा मक्याच्या खुंटांवरून सरकतोय.
टीव्हीत एक मुलगा पाठीच्या दिशेने धावतोय,
आपण सरळ धावू त्याहून वेगात.
चोवीस नंबर. डॅव्हियन टिलरी. वय एकोणीस.
डावा तळवा समोरच्याच्या कमरेवर,
अंधारात आपण भिंतीला लावतो तसा.

"हे चाललं," बाबा म्हणतात. पहिला क्वार्टर.
मग पुढे पळवतात. चौथा. सव्वा मिनिट शिल्लक.
तोच तळवा. तीच कंबर.
आणि पडद्याच्या कोपऱ्यातून पिवळा रुमाल उडतो,
माझ्या वडिलांच्या खिशातला.
त्याच्या टोकाशी आईने सुक्या घेवड्याची पुरचुंडी शिवलीय,
वाऱ्यात भरकटू नये म्हणून.
पंधरा यार्ड.
मग तीन गुण, आणि हरलेल्या पोरांची बस.

आठवडाभर बाबा काटे तपासतात.
ऑर्विन ट्वेट, निरीक्षक, वजने व मापे:
धान्याची कोठारं, खाटकांची दुकानं, पेट्रोलपंप.
पिकअपमध्ये मखमली पेटीत पितळी वजनं निजलेली असतात,
ती उघड्या हाताने उचलायची नाहीत.
लहानपणी मी एक उचललं होतं.
ओरडले नाहीत. चामड्याच्या तुकड्याने पुसत म्हणाले,
"मार्लिस, बोटांच्या ठशालाही वजन असतं."
एकदा चिमूटभर फरकासाठी
त्यांनी एका मित्राच्या काट्याला लाल पट्टी चिकटवली.
तो चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसायचा.
अजून बसतो. बोलत नाही.

नियम मला पाठ आहे, जेवताना ऐकून ऐकून.
चेंडू हवेत जाईपर्यंत थोडी रेटारेटी चालते,
गेला की हात आवरायचा.
म्हणजे एका डोळ्याने इथला हात बघायचा
आणि दुसऱ्याने चाळीस यार्डांवरची
चेंडू सोडणारी बोटं.
उघडा तळवा चालतो, मिटला की धरलं.
आणि झाकल्या मुठीत जर्सी किती आहे
हे त्या दोघांनाच ठाऊक,
आणि दोघेही खोटंच सांगणार.

मग पहिल्यांदा का नाही? मी विचारते.
"ऊन डोळ्यांवर होतं."
थोड्या वेळाने, "आणि सुरुवातीला मी खेळू देतो."
आणखी थोड्या वेळाने, टीव्हीकडेच बघत,
"तिसरा क्वार्टरभर त्यांचा कोच माझ्या कानाशी होता.
त्याचं काही मी... पण कानांना पापण्या नसतात ना."

मग टीव्हीत नसलेलं सांगतात.
दंड मोजून झाला तेव्हा तो मुलगा जवळ आला.
हेल्मेटच्या जाळीतून, अगदी हळू:
"सर, हात पहिल्यापासून हाच होता.
कुठं बदललं, एवढं सांगा.
पुढच्या वेळी मला माहीत हवं."
आणि माझ्या बाबांनी,
मूठभर गहू हातात तोलून औंस सांगणाऱ्या माणसाने,
शिट्टी दातांत धरली.
शिट्टी तोंडात असली की बोलावं लागत नाही.

मंगळवारी लीगचं पत्र येईल:
दोन्ही निर्णय समर्थनीय.
ते पत्र नेहमी तेच असतं,
एवढ्या एका बाबतीत सातत्य आहे.

रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा.
टेबलावर छोटा तराजू मांडलेला,
बाबांच्या हातात पांढरे मोजे,
पारड्यात पिवळा रुमाल, घेवड्यासकट.
साडेतीन औंस.
उचलतात, झटकतात, परत ठेवतात.
साडेतीन.
मी दारातच उभी.
पुन्हा ठेवतात. साडेतीनच.
मग मोजे न काढताच
दिवा मालवतात.