तग

मुरोरानच्या खाडीवर बर्फ भुरभुरतोय
आणि तळघरात तीनशे भट्ट्या
सहाशे अंशांवर गप्प बसल्यात.
प्रत्येकीच्या पोटात बोटाएवढी पोलादाची कांडी,
कांडीला तरफ, तरफेला वजन.
बाकी काही घडत नाही.

कुवाबारा हात्सुए सव्वाआठला येते,
बूट बदलते, काच पुसते,
आकडा वाचते, वहीत लिहिते.
एकोणचाळीस नंबर: काल होता तेवढाच.
परवा होता तेवढाच.
वर्षाकाठी केसाच्या जाडीइतकं, फार तर,
ताणतं ते पोलाद.
वय गुडघ्यात शिरतं, तसं.

वहीची पहिली पानं ताकेहानांच्या अक्षरातली.
त्यांनी ती कांडी टांगली
तेव्हा बॉयलरवाले घाईत होते:
अजून पन्नास अंश द्या, अजून थोडा दाब,
म्हणजे शंभर पोती कोळशातली
चाळीस नाही, पंचेचाळीस कामी येतील.
(उरलेली पंचावन्न धुराड्यातून आणि समुद्रात.
पाचासाठी एवढं सगळं.)

त्या दाबापलीकडे पाणी उकळत नाही.
बुडबुडा नाही, खळखळ नाही;
पाणी कुठं संपलं, वाफ कुठं सुरू झाली
हे पाण्यालाही सांगता येत नाही.
त्या बिननावाच्या गोष्टीला
धरून ठेवणारी नळी हवी होती.
किती काळ?
लाख तास, ताकेहाना म्हणाले.
आणि लाख तासांचं उत्तर हवं असेल
तर लाख तास थांबावं लागतं.

भूकंपाच्या रात्री ते चालत आले,
झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून,
आणि डोलणाऱ्या वजनांसमोर उभे राहिले,
हात न लावता.
त्या तारखेपुढे एवढंच लिहिलंय: हलली. तुटली नाही.

पुढं वीजकेंद्र उभं राहिलं. फीत कापली.
त्याच पोलादाच्या नळ्या, त्याच खाडीच्या टोकाला.
ताकेहाना फोटोत कडेला आहेत, अर्धे.

यंदा मार्चमध्ये ते बंद होतंय.
धुराडं वरून खाली, कड्याकड्यानं उतरवणार.
कार्यालयातून कागद आलाय:
कोणत्या भट्ट्या विझवायच्या, खूण करा.

हात्सुए पेन्सिलीला टोक काढते.
दोन लाख सत्तर हजार चारशे बारा तास.
काच पुसते. वाकून बघते.
कालच्यापेक्षा
किंचित.