पंधरा सेकंद

नळी आत घालताना आपलाही श्वास धरायचा,
ठोके सिस्टर म्हणाल्या.
तुम्ही कासावीस झालात, म्हणजे तोही झालाय.
ओढून घ्या बाहेर.

पुतळ्याभोवती आम्ही सहा जणी, गाल फुगवून.
भोये सगळ्यांत शेवटी सुटली.
सुरगाण्याची ती, विहिरीच्या तळाचा गाळ वर आणणारी.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
सिस्टर तिलाच रागावल्या:
तुझा दम कुणी विचारला? त्याचा बघ.

रात्री चार नंबरचं मशीन किंचाळलं.
आधी माणूस, मग पडदा, मी पुटपुटले,
आणि तरी आधी पडद्याकडेच पाहिलं.
सातपूरचा वेल्डर, गळ्यातून नळी, डोळे टक्क.
आठ, नऊ. खरखर थांबली.
ब्याण्णव. चौऱ्याण्णव.
मग त्याने पाटीवर लिहिलं: पाणी.
ते देता येत नाही.
ओला बोळा ओठांवरून फिरवला,
तो त्याने दातांत धरून ठेवला.

सकाळी द्वारकेला सिग्नल लाल.
आकडे उतरू लागले, पंधरा, चौदा,
आणि मी तोंड मिटून बसलेली.
सहाला सुटले.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं,
म्हणाला, दमा आहे का ताई?