कर्ता अध्याहृत

ऐरोली, सेक्टर पाच. झेरॉक्सवाला सातला शटर ओढतो
आणि सव्वासहाला दर्शिता मढवी माझ्यासमोर बसलीय
कॉलेजच्या पाक्षिकाचं कच्चं पान घेऊन.
अंक चौथा, पान दोन.

बातमी खरी आहे.
तीन वर्षं ग्रंथालय शुल्क, माणशी सहाशे,
आणि तीन वर्षं ग्रंथालयाला कुलूप.
पावत्या आहेत. पुस्तकखरेदीच्या रकान्यात शून्यं आहेत.
माहितीच्या अर्जावर आवक शिक्का आहे, जरा पुसट.
आणि एक माणूस आहे, ज्याने ही शून्यं दाखवली.
“नाव मला सांगू नकोस,” पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी,
“उद्या विचारलं कोणी, तर मला खरंच माहीत नसू दे.”

नाव तिने सांगितलं नाही. लिहिलंही नाही.
लिहिलंय ते असं:
रबाळ्याच्या कारखान्यात दोन बोटं देऊन आलेला तो
उरलेल्या तिनांनी रोज कुलूप पुसतो,
आतल्या पुस्तकांना वारा लागावा म्हणून
दाराच्या फटीत फुंकर घालतो.

मी पेन खाली ठेवलं.
एकोणीस वर्षं मराठी शिकवतेय,
असं वाक्य विद्यार्थ्याकडून दोनदा आलं असेल, तीनदा.
आणि त्या वाक्यात तो उभा आहे, अख्खा,
आडनावासकट.

“काट हे.”
“मॅडम, नाव कुठेय त्यात?”
“बोटं मोजता येतात गं. ऑफिसातल्यांनाही.”
“मग त्याचं उरतं काय?”
मला उत्तर आलं नाही.
समासात लिहून दिलं: एका माहीतगाराने सांगितले.
तिने ते मोठ्याने वाचलं,
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं.

वाक्य तर सकाळी प्राचार्यांनीही सुचवलं होतं,
दार लोटून, चहा सांगून:
“‘शुल्क आकारण्यात आले.’ एवढंच असू द्या.
संस्थेची बदनामी झाली, तर विश्वस्तांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक.”
आकारण्यात आले.
अकरावीच्या पोरांना मी फळ्यापाशी उभं करून विचारते,
कोणी? क्रियापदाला विचार, कोणी?
“सर, कर्ता राहणार. ‘संस्थेने आकारले.’
तुमची बाजूही राहणार, आठ ओळी,
त्याच पानावर, त्याच टाइपात.
दर्शिताने तुम्हाला चार फोन केले, चौथा तुम्ही उचललात.
त्यातला कानामात्रा बदललेला नाही.”
चहावर साय धरली.

तर एकाच पानावर
एक कर्ता मी राखला, एक खोडला.
हे कुठल्या व्याकरणात बसतं, ते दर्शिताने विचारलं नाही.
ती रागावली होती. बरं झालं.
बारा वर्षांपूर्वी, बेलापूरला, अशीच एक ओळ
मी राहू दिली होती, सुंदर होती म्हणून.
कॅन्टीनमधली ती बाई नंतर दिसली नाही.
अंकाला ढाल मिळाली. कपाटावर आहे अजून,
धूळ मी झटकत नाही.

गुरुवारी अंक वाटला गेला.
(बघा. सवय.)
ग्रंथालयाच्या दाराशी तो स्टुलावर बसून वाचत होता,
अक्षर अक्षर, ओठ हलवत.
त्याच्या हाताबद्दल मी काही लिहीत नाही.
वरचा कारखानाही बदललाय मी, बोटंही,
तिच्या वाक्याची माफी मागून.

मला पाहून उठला.
“मॅडम, हे कोणी सांगितलं असेल हो?”

“कळलं असेल कुठून तरी.”

“हो,” म्हणाला. “कळतं कधीकधी.”
आणि अंक स्टुलाखाली ठेवला,
पान दोन वर करून.