खांदेपालट

सभेला नऊजण आले. गणपूर्ती सातांची.
कर्लिंग हॉलच्या माडीवर हीटर ठकठकत होता
आणि ओरीसिया ह्नाट्यूकनं एकोणीस वर्षांनंतर
उद्यान व क्रीडा मंडळाचं अध्यक्षपद सोडलं,
दीड वाक्यात :
"झालं माझं. आता रिझालिनोला विचारत जा."

इतिवृत्त मी लिहितो. लिहिलं :
बदल एकमतानं मंजूर. आभार मानले. कॉफी झाली.

किल्ल्यांचं लिहायचं राहिलं.
पर्समधून तिनं जुडगा काढला, सदतीस किल्ल्या,
एकीवरही चिठ्ठी नाही.
ही पंपघराची, जरा उचलून फिरव.
ही शॉवरची, पण ते कुलूप कधीच बदललंय.
ही कशाची, देव जाणे.
टाकू मात्र नकोस.
टाकलीस की दुसऱ्या दिवशी ते दार सापडेल.

रिझालिनो आब्रेनिका वृद्धाश्रमात स्वयंपाक करतो.
इलोकोसहून आला तेव्हा बर्फ त्यानं
फक्त फ्रीजरच्या भिंतीला पाहिलेला.
मुलीच्या स्केट्सच्या नाड्या बांधायला रिंकवर यायचा,
बांधता येईनात, म्हणून थांबायचा,
थांबता थांबता फावडं हातात आलं.
जुडगा त्यानं दोन्ही हातांनी घेतला,
गरम पातेलं घ्यावं तसा.

मग चालू कामं वाचली :
झोपाळ्याची एक साखळी.
बीव्हरनं कुरतडलेला होडीचा धक्का.
पोहण्याच्या वर्गाला चाळीस मुलं, जीवरक्षक एक,
तीही सप्टेंबरात विनिपेगला निघाली.
गुरुवारचं पिकलबॉल, त्यात सत्तरीचे लोक तिशीच्यांना हरवतात;
तक्रार हरणाऱ्यांची नाही, पलीकडच्या थॉर्वाल्डसनबाईंची,
टपटप आवाजानं त्यांचं मांजर जेवत नाही.
पार्किंग वाढवायचंय, म्हणून जुन्या एल्मवर
नगरपालिकेनं नारिंगी फुली मारली आहे.
ती फुली दर महिन्याला कोणीतरी घासून काढतं.
याची नोंद घेऊ नये असं सभेचं मत पडलं.
(ओरीसियाच्या नखांत नारिंगी रंग होता.
मी खाली मान घालून तारीख लिहीत बसलो.)

रिझालिनो म्हणाला, बास्केटबॉलची एक रिंग लावू या,
आणि दिवे दहापर्यंत ठेवू.
रात्रपाळीच्या घरांतली मुलं तेव्हाच सुटतात.
क्लास डिक म्हणाला, हे गाव हॉकीचं आहे.
ओरीसियानं खोलीभर नजर फिरवली.
"गाव कुठाय, क्लास? नऊ माणसं आहेत."
रिंग मंजूर झाली. दिवे पुढच्या सभेत.

तिचा डावा खांदा गेलाय. डॉक्टर म्हणतात, झीज.
उणे पंचविसात, रात्री दोनला,
पाण्याचा जाड पाइप खांद्यावर टाकून
ती मैदानाचं बर्फ करत फिरायची,
थरावर थर, कागदाएवढे पातळ,
घाई केली की बर्फात फुगे राहतात
आणि फुग्यावर कोणाच्या तरी पोराचा दात पडतो.
सकाळी मुलं यायची, घसरायची, भांडायची,
आणि त्यांना वाटायचं, थंडी पडली की हे आपोआप होतं.
मलाही लहानपणी तसंच वाटायचं.
तेव्हा पाइप तिच्या बापाच्या खांद्यावर होता.

डिसेंबरात झोप येईना म्हणून गाडी काढली.
रिंकवर रिझालिनो होता, पाइप उजव्या खांद्यावर,
भुवयांवर पांढरं साचलेलं,
मागे मागे सरकत पाणी सोडत होता.
कुंपणापाशी तिचा ट्रक उभा, इंजिन चालू,
हेडलाइटचा उजेड ओल्या मैदानावर.
ती उतरली नाही.
तो एका कोपऱ्यात जास्त वेळ रेंगाळला,
तिनं एकदा हॉर्न वाजवला, आखूड.
तो पुढे सरकला.

थोड्या वेळानं काच चार बोटं खाली आली,
थर्मासचं झाकण बाहेर, वाफेसकट.
त्यानं हातानंच खूण केली : हा थर होऊ दे.
झाकण बाहेरच राहिलं,
वाफ कमी होत गेली,
तिनं हात आत घेतला नाही.
डावाच हात होता तो.